‘हातखंडा’ नेमका कुणाचा

कारागीर मंडळी त्यांना चिकटपट्टीताई म्हणायची. तोंडावर नुसतं ताई, पाठ वळली की पूर्ण नाव. कुठल्याही वर्कशॉपमध्ये शूटिंगला गेल्या की ताई कॅमेरा काढायच्या आधी पिशवीतून काळी चिकटपट्टी काढत आणि दिसेल त्या कंपनीच्या नावावर मारत सुटत. ड्रिल मशीनवर पट्टी, डिंकाच्या डब्यावर पट्टी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पट्टी. एका किल्ल्या बनवणाऱ्याने त्यांना विचारलं होतं, "ताई, माझ्या कपाळावर काही छापलंय का बघा, नाहीतर तिथंही मारा एक."

ही सवय भीतीपोटी लागली होती. ताई आधी एका फोटो स्टुडिओत कामाला होत्या. ओळखपत्राचे फोटो काढायचे, जुने फाटके फोटो जुळवून द्यायचे, असं काम. लोक फोनवरच फोटो काढायला लागले तसा स्टुडिओ बंद पडला. निरोप देताना मालकाने एक जुना कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. पोटापाण्याचं दुसरं काही सुचेपर्यंत म्हणून ताईंनी त्यावर लोकांच्या हातांचं शूटिंग सुरू केलं. चपला शिवणाऱ्याचे हात, कात्रीला धार लावणाऱ्या बाईचे हात. चेहरा नाही, पार्श्वसंगीत नाही. काम, कामाचा आवाज आणि काम करणारा मधूनमधून बोलेल तेवढंच. पहिला व्हिडिओ बघताना नवरा, जो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि सहसा कुणाचं कौतुक करायचा नाही, तो म्हणाला, "काय हातखंडा आहे या माणसाचा!" ताईंनी तो शब्द तिथल्या तिथे उचलला. मालिकेचं नाव ठरलं ‘हातखंडा’.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका मेकॅनिकने जुनं ड्रिल मशीन खोलून पुन्हा जोडलं, त्याचा व्हिडिओ त्यांनी केला. व्हिडिओ उघडायच्या आधी जे चित्र दिसतं, त्यावर ताईंनी त्या मशीनच्या कंपनीचं चिन्ह चांगलं ठसठशीत मोठं करून टाकलं. लोकांनी तो धो धो बघितला. पाठोपाठ कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. आमचं चिन्ह असं वापरल्यामुळे हा व्हिडिओ आम्हीच केलाय, निदान आमची त्याला मान्यता आहे असा लोकांचा समज होतो, तो ताबडतोब उतरवा, असं त्यात म्हटलं होतं. ताईंनी व्हिडिओ उतरवला, आणि घाबरून एका वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना चढताना खालच्या मशीनचा कागद सरकवल्याचा आवाज येत राहायचा. त्यांनी नोटीस वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"मशीन दाखवायला कुणाची हरकत नाही हो. पण त्यांचं चिन्ह स्वतःच्या दुकानाच्या पाटीसारखं पुढे लावलंत, तिथे गडबड झाली. व्हिडिओ उतरवलात ना? मग मिटलं. पण मला एक सांगा, दुसऱ्याच्या नावाची एवढी धास्ती घेतलीत, तुमच्या स्वतःच्या नावाचं काय? ते नोंदवलंय का?"

"नाव म्हणजे... ‘हातखंडा’?"

"तेच. उद्या कुणी ते नोंदवून घेतलं आणि तुम्हालाच नोटीस धाडली, तर काय कराल?"

नोंदवायचं म्हणजे काय करायचं, ते ताईंनी विचारून घेतलं. वकीलबाईंनी अर्ज पुढे ओढला आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "नीट आठवून सांगा हं. तुमच्या आधीपासून या नावाने असलंच काही कुणी करतंय का? कारण नोंदणी तुम्हाला मिळाली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क मोठा धरतात."

ताईंना आठवावं लागलं नाही. त्यांना माहीत होतं.

काही महिन्यांपूर्वी आपले व्हिडिओ शोधताना त्यांना त्याच नावाचं दुसरं चॅनल दिसलं होतं. एक म्हातारे गृहस्थ सुतारकाम शिकवत होते. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला, त्यामुळे त्यांचं डोकं अर्धं कापलेलं आणि चित्र डावीकडे कललेलं. ताईंनी एक व्हिडिओ सहज लावला आणि शेवटपर्यंत बघितला. एकही खिळा न ठोकता दोन फळ्या कोपऱ्यात एकमेकींत कशा अडकवायच्या, ते त्यात होतं. बघणारे मोजकेच होते. पण ते चॅनल ताईंच्या मालिकेच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. ताईंनी ते बंद केलं, आणि कुणाजवळ त्याचा उल्लेख केला नाही.

"नाही," ताई वकीलबाईंना म्हणाल्या. "तसं कुणी नाही."

दारावर आलेल्या विक्रेत्याला ‘घरात कुणी मोठं माणूस नाही’ म्हणून वाटेला लावावं, तितक्या सहज त्यांच्या तोंडून ते गेलं. जिना उतरताना मात्र त्यांना उगाचच वाटलं, आपण वर काहीतरी विसरून आलो. छत्री हातात होती, पर्स खांद्याला होती. तरी त्यांनी दोनदा पिशवी चाचपली.

यथावकाश नाव नोंदलं गेलं. नवऱ्याने दाखल्याची प्रत फ्रिजच्या दारावर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. मग हत्यारं विकणारी एक कंपनी आपण होऊन आली. मालिकेचा सगळा खर्च आम्ही उचलतो म्हणाली. अट एवढीच, की नाव फक्त तुमचं असलं पाहिजे; या नावाने शोधलं की दुसरं काही दिसता कामा नये.

टेबलावरचं सगळं काम ताईंची धाकटी जाऊ बघायची. ती वरच्या मजल्यावर राहायची. मेलला उत्तरं देणं, व्हिडिओ साइटवर चढवणं, हे सगळं तिच्याकडे. एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. ताई कणीक मळत होत्या.

"ताई, आपल्या नावाचं अजून एक चॅनल निघालंय बघा. कुणीतरी आजोबा आहेत. आता आपल्याकडे नोंदणीचा नंबर आहे. साइटकडे तक्रार करून काढायला सांगू का?"

ताईंनी मान वर केली नाही. त्या कणीक मळत राहिल्या.

"बघ बाई, तुला काय वाटतं ते."

हे वाक्य ताईंनी पुढे मनातल्या मनात किती वेळा उलटंपालटं केलं असेल, त्याला गणती नाही. ‘हो’ म्हणाल्या असत्या तरी त्यात थोडा प्रामाणिकपणा होता. त्या ‘हो’ म्हणाल्या नाहीत. पुढेमागे कुणी विचारलंच तर ‘मी कुठे सांगितलं होतं?’ असं म्हणायला जागा राहावी, म्हणून त्यांनी ते जावेच्या गळ्यात घातलं होतं. जावेला बिचारीला वाटलं, आजोबांनीच आपलं नाव चोरलंय. तिने तक्रार केली. आजोबांचं चॅनल बंद झालं. ताईंनी विचारलं नाही आणि जावेनेही मुद्दाम सांगितलं नाही. काम झालं होतं, विषय संपला होता.

नंतरच्या शूटिंगला ताई एका सोफे शिवणाऱ्या बाईच्या दुकानात गेल्या. दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना उलटे टाकलेले सोफे, त्यांचे पाय वर, आणि मधे कापसाचा पसारा. ताईंनी सवयीप्रमाणे पट्ट्या मारल्या, कॅमेरा लावला. बाई तोंडात टाचण्या धरून कापड ताणत होती. तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेत ती म्हणाली, "तुम्ही हातखंडावाल्या म्हणून लगेच हो म्हटलं बरं का. एरवी मी दुकानात कुणाला कॅमेरा लावू देत नाही. सरांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"कुठले सर?"

"असं काय करता? सुतारकामाचे सर. सोफ्याचा सांगाडा दुरुस्त करायला मी त्यांच्याकडूनच शिकले. प्रत्यक्ष नाही हो, व्हिडिओवर. अडलं की खाली प्रश्न लिहायचा, संध्याकाळच्या आत सरांचं उत्तर यायचं. ‘बाळा, लाकूड ओलं आहे का ते आधी बघ.’ मी पन्नाशीची, तरी बाळा!" बाई हसली. "आता ते उघडतच नाही. त्या नावाने शोधलं की तुमचंच येतं. म्हटलं, सर थकले असतील, मुलीच्या हाती दिलं असेल. तुम्ही त्यांची मुलगी का सून?"

कंपनीच्या नोटिशीत जे वाचून ताई घाबरल्या होत्या, तेच इथे त्यांच्यासमोर टाचण्या हातात घेऊन बसलं होतं. लोकांचा समज होतो. हे त्यांचंच आहे, असा लोकांचा समज होतो.

"कुणीच नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझी आणि त्यांची ओळख नाही."

"मग सर कसे आहेत, तुम्हाला काही ठाऊक?"

शूटिंग अर्धवट टाकून त्या घरी आल्या आणि चपला न काढताच वरच्या मजल्यावर गेल्या. जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईंनी तिला सगळं सांगितलं. चॅनल आधीच बघितलं होतं ते, वकीलबाईंना काय सांगितलं ते, आणि त्या सकाळी कणीक मळताना आपल्याला सगळं ठाऊक होतं, तेही.

जावेने हातातला टॉवेल पुन्हा पुन्हा तसाच दुमडला.

"म्हणजे माझ्या हातून करवून घेतलंत," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलंत तरी असतं. मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंत ना?"

जावेने लॅपटॉप उघडला, तक्रार मागे घेण्याचा अर्ज शोधला आणि तिथल्या तिथे भरला. थोड्या दिवसांनी साइटचं उत्तर आलं. तक्रार मागे घेतल्याची नोंद केली आहे. मात्र दिलेल्या मुदतीत चॅनलच्या मालकाने हरकत न घेतल्यामुळे त्यावरचा मजकूर कायमचा पुसण्यात आला आहे. सगळे व्हिडिओ गेले. त्याखालचे सगळे प्रश्न गेले आणि सगळी उत्तरंही गेली.

वकीलबाईंकडे जाताना त्या वेळी जिना फार उंच वाटला, असं ताई सांगतात. वकीलबाई रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो, विचारलं होतं."

"तुम्ही गप्प बसलात, तर हे कुणाला कळेलच असं नाही. आता मला मात्र कळलंय. तुमची नोंदणी खोट्या माहितीवर उभी आहे. ती सोडून द्या आणि कंपनीला स्वच्छ कळवून टाका. मग त्या गृहस्थांकडे जा. मी सोबत येणार नाही. वकील घेऊन गेलात की माणूस माफी मागायला आलाय असं दिसत नाही."

ताईंनी नोंदणी सोडली. कंपनीने दोन ओळींत संबंध तोडला. नवऱ्याने फ्रिजवरचा कागद काढला. त्याचा चिकटवलेला एक कोपरा मात्र दारावर तसाच राहिला. "एवढं मोठं मन करायची काय गरज होती?" असं तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून त्याने पुढचं वाक्य गिळलं.

सरांचा पत्ता सोफेवाल्या बाईने कुणाकडून तरी मिळवून दिला. तो देताना तिने ताईंकडून खरं काय ते काढून घेतलं, आणि मग एकच गोष्ट म्हणाली, "तरी मी तुम्हाला दुकानात घेतलं." त्यानंतर तिने ताईंचा फोन कधी उचलला नाही.

सर तांत्रिक शाळेतून निवृत्त झाले होते. घर तळमजल्यावर, मागे पत्र्याची छोटी पडवी आणि पडवीत कामाचं टेबल. दार सरांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. आत सर पेपर वाचत होते. अंगाने सडपातळ, कानावर पेन्सिल. पेपर वाचणाऱ्या माणसाच्या कानावर पेन्सिल कशाला, असं ताईंना वाटून गेलं.

ताईंनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. बसलं तर आपल्याकडून सांगून होणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. ताईंचं सांगून झालं तेव्हा ते काकूंकडे वळले.

"ऐकलंस? मी काही दाबलं नव्हतं."

ताईंना कळेना. काकूंनीच सांगितलं, आवाज न चढवता. "हे समजत होते, यांच्याच हातून चुकीचं बटण दाबलं गेलं. मीही बोलले यांना. म्हातारपणी कशाला नको त्या गोष्टीत हात घालता, म्हटलं. फोनमध्ये इंग्रजीतून काय काय येत होतं, ते यांनी घाबरून उघडलंच नाही. आणखी काही बिघडेल म्हणून. इतके दिवस हा माणूस स्वतःलाच दोष देत बसलाय."

ताईंना ओरडा खायची तयारी होती. घरातून हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण आपली चूक इतके दिवस भलत्याच माणसाने वाहिली, हे त्यांच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

"सर, तुमचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असतील तर मी सगळे पुन्हा..."

"फोन भरला की पुसायचो. तिथे वर आहेतच, मग इथे कशाला, म्हणून." सरांनी पेपरची घडी घातली. "व्हिडिओचं एवढं नाही. टेबल आहे, लाकूड आहे, परत करता येतील. ती माणसं कुठे शोधू मी? एक जण बोटीवर कामाला होता, कुठून कुठून प्रश्न विचारायचा. एक मुलगी होती, वडिलांना न सांगता शिकत होती. तिचं पाळण्याचं काम अर्धं झालं होतं. खरी नावंसुद्धा ठाऊक नाहीत मला. ती सगळी तिथे यायची, एवढंच ठाऊक."

"मी तुमचं शूटिंग करून देते. चांगल्या कॅमेऱ्याने. जितके म्हणाल तितके."

"नको."

तो नकार इतका सरळ होता, की ताईंना पुढे आग्रह करता येईना. त्या निघाल्या. चपला घालत होत्या तेव्हा सरांनी मागून विचारलं, "तुम्ही म्हणालात, माझा एक व्हिडिओ बघितला होता. कुठला?"

"दोन फळ्यांचा. कोपऱ्यात अडकवायचा."

"पूर्ण बघितलात?"

"पूर्ण."

"बरा होता?"

त्या प्रश्नाने ताई मोडल्या. तिथवर त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते. "फार चांगला होता, सर," त्या म्हणाल्या, आणि काकूंनी दार लावून घेतलं.

ताईंनी मालिकेचं नाव बदललं. ‘कामाचे हात’ असं साधंच काहीतरी ठेवलं, आणि ठेवायच्या आधी चार दिवस शोधून खात्री करून घेतली. मग त्यांनी एक व्हिडिओ केला. कधी नव्हे तो कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर लावला आणि काय घडलं ते सांगितलं. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी बघत असेल, तर सर आपलं चॅनल नव्याने सुरू करताहेत तिथे जावं, असं सांगण्याआधी त्यांनी जावेमार्फत सरांची परवानगी घेतली होती. सरांनी जावेला होकार दिला. ताईंशी ते बोलले नाहीत.

त्या व्हिडिओखाली लोकांनी ताईंना नको नको ते लिहिलं. काहींनी शाबासकीही दिली, आणि ती वाचवेना म्हणून ताईंनी वाचायचंच सोडलं. म्हाताऱ्याचं घर उठवायचं आणि वर प्रामाणिकपणाची टाळी घ्यायची, असं एकाने लिहिलं होतं. तेवढं मात्र त्यांना पाठ झालं.

सरांकडे काही विद्यार्थी परत आले. सोफेवाली बाई पहिल्याच दिवशी आली. बोटीवरचा बऱ्याच उशिरा उगवला. पाळणा करणारी मुलगी आलीच नाही. आली असेल आणि दुसऱ्याच नावाने असेल, असं जाऊ म्हणते. जाऊ अजून त्यांचं काम बघते, पण आता ती काही विचारायला आली की समोर उभी राहते आणि स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकल्याशिवाय हलत नाही.

पुढे एकदा सरांनी आपण होऊन फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चित्र काळं येतंय. उजेड कुठून घ्यावा?"

ताई तशाच गेल्या. पडवीत टेबल भिंतीला लावलं होतं आणि सर खिडकीकडे पाठ करून काम करत होते, त्यामुळे त्यांच्याच सावलीत त्यांचे हात बुडत होते. दोघांनी मिळून टेबल ओढून खिडकीला आडवं केलं. ताईंनी फोनखाली एक लाकडाचा तुकडा सरकवला, चित्र सरळ केलं आणि बाजूला झाल्या. टेबलावरच्या, लाकूड तासायच्या पटाशीवर कंपनीचं नाव होतं. त्यांचा हात सवयीने पिशवीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. टेबल सरांचं होतं, आणि त्यांनी ताईंना फक्त उजेडाचं विचारलं होतं.

सर बोलायला लागले. लाकडाचे रेशे कुठल्या दिशेने जातात ते बघायचं, त्यांच्या उलट कधी तासायचं नाही, असं ते सांगत होते. काकू वाळलेले कपडे घेऊन मागच्या दारातून आल्या, ताईंना बघितलं आणि त्यांच्या शेजारून आत गेल्या. ताई भिंतीला चिकटून, श्वासाचा आवाजही येऊ नये अशा उभ्या राहिल्या.

काम संपल्यावर सरांनी फोन त्यांच्यापुढे धरला. "आवाज आलाय का बघा."

ताईंनी कानाला लावून ऐकलं. पटाशीचा आवाज होता, सरांचा होता. मागे कुठेतरी काकूंनी कपाट उघडल्याचाही होता.

"आलाय," त्या म्हणाल्या, आणि फोन परत दिला.